उत्तरेकडची खोली

टॅलो रिज
१४ मार्च २००९

नेव्हिल,

सोबत कौन्सिलचा अर्ज आहे. पान चार, खाली उजवीकडे, जिथे मी फुली केली आहे तिथे सही कर. जमीन दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे माझ्या एकट्याच्या सहीवर घर बांधायची परवानगी मिळत नाही. मी विचारून पाहिलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मग भावाला फोन करा की." मी म्हटलं, आमच्यात लिहून कळवायची पद्धत आहे. दीड वर्षात हे पहिलंच लिहिणं आहे, हे त्यांना सांगायचं काही कारण नव्हतं.

फोनवर तू ऐकून घेतलं नाहीस, म्हणून एकदाच लिहितो. बाबांचं घर वाळवीने खाल्लं होतं. न्हाणीघराच्या भिंतीत स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला, तोही नुसता अंगठ्याने दाबून. दक्षिणेकडची तुळई शिळ्या पावासारखी हातात आली. घर पाडावंच लागलं. पाडल्यावर तुला कळवलं, आधी कळवलं नाही, ही माझी चूक. बाकी चूक नाही.

नवं घर पोलादी सांगाड्याचं आहे. वाळवीने खाऊन दाखवावं. सगळे भाग कारखान्यातून भोकं पाडून, नंबर घालून येतात आणि जागेवर स्क्रूने जोडायचे असतात. चार खांबांच्या चार रांगा, एकूण सोळा खांब. वरच्या रांगेचे खांब जमिनीबाहेर चारशे मिलिमीटर, खालच्या रांगेचे साडेतीन मीटर. डोंगर कापायचा नाही, घरानेच त्याच्याशी जुळवून घ्यायचं. आपलं घर आपण बांधणाऱ्याला लागतो तो परवाना मी काढला आहे. त्याच्या परीक्षेत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले. ज्या प्रश्नाचे दोन गेले तो प्रश्नच चुकीचा होता, तसं मी त्यांना कळवलं आहे.

तू म्हणशील, टँकरवाला घर बांधणार. बावीस वर्षं मी भरलेला दुधाचा टँकर या डोंगरावरून खाली नेला आहे. उतार म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. उरलेलं पुस्तकांत आहे आणि पुस्तकं ग्रंथालयात आहेत.

खोल्या तीन आहेत. एक तुझ्यासाठी धरली आहे. तू परत यावंस असं मला वाटतं. सही त्यावर अवलंबून नाही, ती लगेच पाठव.

लाइल


३ मे २००९

नेव्हिल,

अर्ज मिळाला. सही फुलीवर नसून फुलीच्या शेजारी आहे, पण कौन्सिलने चालवून घेतली.

अर्जाच्या पाठीमागे तू लिहिलेलं वाचलं. "खालच्या रांगेची भोकं किती खोल? तिथे भराव आहे." दीड वर्षानंतर एवढंच. मी चिडलो, हे लपवत नाही. भराव नकाशात नव्हता. इंजिनिअरच्या अहवालातही नव्हता. त्याने वरच्या बाजूला दोन ठिकाणी खणून पाहिलं होतं आणि खाली उतरायचा कंटाळा केला होता. माझी भोकं दीड मीटर खोल झालीही होती आणि काँक्रीट गुरुवारी यायचं होतं.

बुधवारी मी पहार घेऊन खाली उतरलो. तू चुकीचा आहेस हे पाहायला, दुसऱ्या कशाला नाही. एक मीटर सत्तरला पहार पत्र्यावर वाजली. रंगाचा डबा निघाला, झाकणासकट, आणि आत बाबांचा तो हिरवा रंग. दगड लागला दोन मीटर साठला. म्हणजे तू आणि बाबांनी चौऱ्याहत्तर साली घरासाठी सपाटी काढली तेव्हाची सगळी माती या बाजूला लोटली होती. मी दीड मीटरवर थांबलो असतो तर खालची रांग दोन पावसाळ्यांत खचली असती आणि तिच्याबरोबर घरही गेलं असतं.

काँक्रीटची गाडी दहा दिवस पुढे ढकलली. चार भोकं हाताने खोल केली. खालच्या घरातल्या मिसेस ओडगर्स अंडी द्यायला वर आल्या होत्या, काठी टेकत. भोकाच्या काठावरून वाकून म्हणाल्या, "लाइल, पाया खणतोयस की भावाकडे जायचा बोगदा?"

मी म्हटलं, "पाया."

"असू दे. तुझ्या भावाचं कालगुर्ली त्या बाजूला आहे," त्या म्हणाल्या आणि काठीने पश्चिम दाखवली.

ब्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या जिभेला गंज नाही.

तुझं बरोबर होतं. हे वाक्य मी दोनदा लिहून एकदा खोडलं.

लाइल


९ ऑगस्ट २००९

नेव्हिल,

सांगाडा उभा आहे.

ट्रक डोंगर चढेना. ड्रायव्हरने वळण पाहिलं, मला पाहिलं, आणि सगळा माल मिसेस ओडगर्सच्या फाटकाशी उतरवून निघून गेला. मी असतो तर मागे घेत चढवला असता, पण लोकांना हल्ली मागे घेता येत नाही. दोनशे चौदा नग मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणि खांद्यावरून वर आणले. त्याला सहा दिवस लागले. यादीशी ताडून पाहिलं तर एक कमी निघाला. कारखान्याला फोन केला. ते म्हणाले, असं होतच नाही. होतं. तिसऱ्या दिवशी नग आला.

तुझ्या चिठ्ठीतला प्रश्न : वाऱ्यासाठी तिरप्या पट्ट्या किती. प्रत्येक भिंतीत दोन, आणि खालच्या उंच खांबांमध्ये तीन जोड्या. इंजिनिअरने दोन सांगितल्या होत्या. तिसरी माझी.

लाकूड माणसाचं ऐकून घेतं. थोडं कमी पडलं तर पाचर घाल, जास्त झालं तर रंधा मार. तू आणि बाबा तसंच करायचात आणि वर म्हणायचात, लाकडाला जीव असतो. पोलाद ऐकून घेत नाही. भोकं आधीच पाडलेली असतात. एक खांब चार मिलिमीटरने चुकला तर त्याचं फळ छपरापर्यंत भोगावं लागतं. म्हणून मी सोळाही खांबांची डोकी पाण्याच्या नळीने एका पातळीत आणली, मग दुसऱ्या दिवशी पहाटे थंडीत पुन्हा तपासली, कारण दुपारी उन्हात नळीतलं पाणी खरं बोलत नाही. सगळे खांब दोन मिलिमीटरच्या आत. कर्ण मोजले : चौदा हजार नऊशे चार आणि चौदा हजार नऊशे तीन. तो एक मिलिमीटर मी तसाच ठेवला. बाबांनी ठेवला नसता, पण बाबांच्या टेपला अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा नव्हत्या.

मिसेस ओडगर्स म्हणाल्या, "कोंबड्यांचा पिंजरा झकास झालाय. अंडी कधी?"

तुझी खोली उत्तरेकडची ठेवली आहे. आपल्याकडे ऊन उत्तरेकडूनच, थंडीत दिवसभर येईल.

लाइल


२२ नोव्हेंबर २००९

नेव्हिल,

छप्पर झालं. सव्वीस पत्रे, प्रत्येकी सहा मीटर. जस्त आणि ॲल्युमिनियमचा मुलामा आहे, रंग नाही. दुपारी बारा ते तीन वर जाता येत नाही, डोळे दिपतात.

प्रत्येक पत्र्यावर आधी पट्टी लावून रेघा आखल्या, म्हणजे स्क्रू एका ओळीत बसतात. पत्र्याचा नंबर आणि मापही लिहिलं. पहिल्या नऊ पत्र्यांनंतर पेन्सिल संपली आणि गावात जायचा कंटाळा आला, म्हणून पुढे दोरी ताणून काम केलं. खालून पाहिलंस तर फरक कळणार नाही. मला कळतो.

नाताळला येणार असशील तर हॅम सांगून ठेवतो. मिसेस ओडगर्स पुडिंग करणार आहेत. त्यांनी विचारलं, किती जणांसाठी. मी म्हटलं, कळवतो.

लाइल


७ मार्च २०१०

नेव्हिल,

नाताळला रस्ते बंद होते असं तू लिहिलंस. असतील.

इथे जानेवारीपासून पाऊस आहे. घर गळत नाही. छप्पर ठणठणीत आहे. भिंती आतून बंद झाल्या, वीज आली, नळ आले. घरातून खाली जमिनीवर उतरायच्या जिन्याचं थोडं काम बाकी आहे, ते झालं की कौन्सिलची शेवटची तपासणी. तोवर घरात झोपायला परवानगी नाही, म्हणून मी चाकांवरच्या कॅरव्हॅनमध्येच आहे.

बाकी ठीक.

लाइल


१८ एप्रिल २०१०

नेव्हिल,

मागच्या वेळी मी खोटं लिहिलं. छप्पर ठणठणीत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी पन्हळ साफ करायला वर गेलो तेव्हा पश्चिमेकडच्या पत्र्यांवर रेघा दिसल्या. आधी वाटलं मळ आहे. फडक्याने पुसल्या, जाईनात. नखाने खरवडून पाहिलं तर रेघ पत्र्यात उतरली होती. काही ठिकाणी तांबूस झाली होती. मग पाहिलं की आकडेही तसेच. सात, आठ, नऊ. सहा हजार. माझंच अक्षर. सगळं सुवाच्य.

दीड महिना मी कुणाला बोललो नाही. शेवटी गावातून माल्टबीला बोलावलं. पत्रे ठोकण्यात त्याची हयात गेली आहे. तो शिडीवरून वर आला, एकदा पाहिलं आणि खाली बसला.

"सुताराच्या घरचा दिसतोस," तो म्हणाला.

"कशावरून?"

"पत्र्याचं काम करणारा शिसपेन्सिल घरी ठेवून येतो. शिसं या मुलाम्याला खातं. पाऊस पडला की खायला सुरुवात. पत्र्याबरोबर कागद आला असेल, त्यात लिहिलेलं असतं."

कागद आला होता. मी घडीसुद्धा उघडली नव्हती. वॉशिंग मशीनचं पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, आणि हा कागद वाचला नाही, कारण पत्रा कसा ठोकायचा हे मला कुणी सांगावं? पेन्सिल तर मी विचारही न करता घेतली होती. कानामागे होती. आपल्या घरात ती सगळ्यांच्या कानामागे असायची. बाबांनी मला करवतीला हात लावू दिला नाही, पण पेन्सिल कानामागे ठेवायला त्यांची परवानगी लागत नव्हती.

खरं सांगायचं तर "सुताराच्या घरचा" हे ऐकून, तिथे त्या सडक्या रेघांच्या शेजारी बसून, मला बरं वाटलं. ते मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मग मी माल्टबीला म्हटलं, "सगळं छप्पर काढतो. सव्वीसच्या सव्वीस. नव्याने करतो."

तो म्हणाला, "का?"

"डागी काम मला चालत नाही."

"अरे, नऊ पत्रे डागी आहेत. सतरा चांगले आहेत. नऊ काढ, नऊ घाल. चांगल्या मालाला हात कशाला लावतोस? असं कोण करतं?"

तो गेल्यावर तिथेच बसून राहिलो.

मी असं केलं आहे, नेव्हिल. म्हणून हे लिहितोय.

बाबांचं घर सगळं खाल्लेलं नव्हतं. दक्षिणेकडची बाजू गेली होती, न्हाणीघर गेलं होतं, ते खरं. उत्तरेकडची खोली आणि तिच्यापुढचा व्हरांडा शाबूत होता. ते खांब आयर्नबार्कचे, लोखंडासारख्या लाकडाचे होते. मी हातोडीने एकेक ठोकून पाहिला. सगळे टणक वाजले. तुळईही चांगली होती. मी स्क्रूड्रायव्हर लावला तर टोक वाकलं. घर पाडायला आलेल्या मशीनवाल्याने मला दोनदा विचारलं, "ही बाजू ठेवायची ना?" मी दोन्ही वेळा म्हटलं, "सगळं."

खांब एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले. कुठे गेले माहीत नाही. मी चौकशी केली, पण आता, अडीच वर्षांनी. तेव्हा केली नाही.

तुला न कळवता मी घाई केली ती वाळवीमुळे नाही. तू आला असतास तर ती बाजू वाचवली असतीस, हे मला माहीत होतं. त्या घरात मी तीस वर्षं राहिलो, रंग दिला, पन्हळं साफ केली, आणि येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, तुझ्या वडिलांनी आणि भावाने काय घर बांधलंय. मला असं घर हवं होतं की ज्यात तुमच्या दोघांचा एकही खिळा नसेल.

नऊ पत्रे बदलायला टाकले आहेत. माल्टबी मदतीला येतो म्हणाला. मी हो म्हटलं.

लाइल


२९ ऑगस्ट २०१०

नेव्हिल,

तुझं कार्ड चार महिन्यांनी आलं. तोवर मी रोज टपालपेटी पाहायला खाली जात होतो. मिसेस ओडगर्सच्या ते लक्षात आलं. एकदा फाटकातून म्हणाल्या, "काय लिहिलंस त्याला?"

मी म्हटलं, "खरं."

"मग वेळ लागणारच," त्या म्हणाल्या. "खोट्याला उत्तर लगेच येतं."

कार्डावर तू लिहिलंस : "उत्तरेकडची खोली मी एकट्याने बांधली होती. बाबा तेव्हा इस्पितळात होते. तुला माहीत होतं का?"

हो. माहीत होतं.

यावर मला आठवत नव्हतं असं लिहिता आलं असतं. एक कागद त्यात फुकटही गेला. पण मला ते वर्ष आठवतं. बाबांचं फुफ्फुसाचं ऑपरेशन झालं होतं आणि तू कामावरून येऊन अंधार पडेपर्यंत व्हरांड्याच्या कड्या बसवायचास. बाबा घरी आले तेव्हा त्यांनी त्या खोलीत उभं राहून चारी भिंतींवर हात फिरवला आणि काहीच बोलले नाहीत. त्यांचं काहीच न बोलणं म्हणजे काय असायचं ते आपल्या दोघांना माहीत आहे. मला तसं ते एकदाही मिळालं नाही. मशीनवाल्याला "सगळं" म्हणताना माझ्या डोक्यात हेच होतं. त्याच्यापुढे काही कारण नाही. मला त्याबद्दल वाईट वाटतं. याहून नेमकं मला लिहिता येत नाही.

आता दुसरी गोष्ट. या दोन गोष्टी एका कागदावर लिहू नयेत हे मला कळतं. पण टपाल आठवड्यातून दोनदाच निघतं, आणि पुढच्या वेळेपर्यंत माझा धीर राहील की नाही सांगता येत नाही.

जिना मला जमत नाही.

मार्चमध्ये "थोडं काम बाकी" असं लिहिलं होतं. तेव्हा पहिला जिना मी तोडून टाकला होता. कारखान्याने दिलेला जिना सरळ आणि सपाट जमिनीसाठीचा, त्याची शेवटची पायरी माझ्या इथे अधांतरी राहते. म्हणून मधे वळण घेणारा लाकडी जिना मी स्वतः केला. एकदा, मग परत. दुसऱ्याच्या सगळ्या पायऱ्या उंचीला सारख्या आहेत, कुठेही दोन मिलिमीटरहून जास्त फरक नाही. तपासणीसाने मोजल्या आणि मान डोलावली. मग तो वरून खाली उतरायला लागला आणि वळणावर त्याने कठडा घट्ट धरला. म्हणाला, "नियमात बसतो, पण मी सही करणार नाही." मिसेस ओडगर्सनी दोन पायऱ्या उतरून पाहिल्या आणि म्हणाल्या, "कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटतं." तोही तोडला.

आकड्यांत बरोबर आहे, पायाला बरोबर नाही. कुठे चुकतं ते पुस्तकांत नाही. सात पुस्तकं पाहिली. जुन्या घराचा जिना तू केला होतास. त्यावरून मी दुधाचा कॅन घेऊन, गमबूट घालून, खाली न बघता उतरायचो. त्याचं एकही माप मी घेऊन ठेवलं नाही.

येऊन करून देशील का? मी हे कधी कुणाला विचारलेलं नाही. येणार नसशील तर नुसतं नाही लिहून पाठव. पण पाठव. चार महिने नको.

लाइल


१० ऑक्टोबर २०१०

नेव्हिल,

यादी मिळाली. तू सांगितलेलंच लाकूड आणलं आहे, स्पॉटेड गम, चांगलं वाळलेलं. व्यापाऱ्याने पहिल्यांदा दिलेल्यातल्या दोन फळ्या पीळ पडलेल्या होत्या, त्या परत केल्या. बाजूच्या दोन जाड फळ्या शेडमध्ये आडव्या ठेवल्या आहेत, खाली पट्ट्या घालून, तू लिहिलंस तशा.

"जिना करून देतो, तुझ्या घरात झोपणार नाही" हे वाचलं. समजलं. परवानगी नसल्याने तसंही कुणाला झोपता येत नाही, पण तू त्या अर्थाने लिहिलेलं नाहीस हेही समजलं. कॅरव्हॅन धुऊन ठेवली आहे, मी शेडमध्ये खाट टाकतो. मिसेस ओडगर्सना सांगितलं तर म्हणाल्या, "नेव्हिल माझ्याकडे उतरेल. पाच दिवस गाडी हाकून माणूस येणार आणि तू त्याला डब्यात झोपवणार?" तुला जे बरं वाटेल ते कर. त्यांनी गादी उन्हात टाकली आहे, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

नलारबोरचं माळरान ओलांडताना रात्री गाडी चालवू नकोस, कांगारू येतात. तुला माहीत आहे. तरी लिहितो.

वळणावर रस्ता खचला आहे. डाव्या बाजूने ये. फाटक उघडं असेल.

जिन्याच्या जागी अजून शिडीच आहे. लाकूड तसंच आहे, एकही फळी कापलेली नाही. मोजलेलीही नाही.

लाइल